कैफ आणि कैफियत

आज इथं कॅम्प पाचमध्ये आपण एका अरबी चित्रपटाबद्दल बोलायचं आहे. नाव 'अल-कैफ'. इजिप्तमधला, १९८५ सालचा. लेखक महमूद अबू झैद, दिग्दर्शक अली अब्देल खालेक. नावाचं भाषांतर करायला नको, कैफ आपल्याकडेही चढतोच. अरबीत 'कैफ' म्हणजे मुळात 'कसं?'. तिथल्या तर्कशास्त्र्यांनी ॲरिस्टॉटलच्या 'गुण' या पदार्थालाही हाच शब्द लावला. आणि आपल्या कोर्टातली कैफियत, तीही याच घरातली बरं का.

गोष्ट दोन भावांची. सलाह रसायनतज्ज्ञ, सज्जन. धाकटा गमाल गाणारा आणि चरसी. नशा हा मनाचा खेळ आहे हे त्याला पटवण्यासाठी सलाह चरसासारखं दिसणारं, पण चरस नसलेलं मिश्रण बनवून देतो. ते ओढून गमालच्या मित्रमंडळींना कैफ चढतो! म्हणजे सलाहचं म्हणणं सिद्ध झालं. आपल्याकडे वेदान्ती सांगतात, दोरी कळली की साप जातो. सलाहचा तसाच भरवसा आहे. पण गमाल ते मिश्रण विकायला काढतो. सलाहला जे खंडन वाटलं, ते भावाच्या दृष्टीनं नुसती कृती होती, पाककृती म्हणतो तशी.

मग येतो बडा व्यापारी अल-बहज. जमील रातिब यांनी तो असा केलाय की आम्हाला त्याचा राग येण्याआधी त्याचं म्हणणं ऐकावंसं वाटलं. तो सांगतो, चहात लाकडाचा भुसा मिसळून विकला तेव्हा श्रीमंत झालो. सद्बुद्धी सुचून शुद्ध चहा विकला आणि बुडालो. आता हे उल्हासनगरात बसून ऐकताना 'मेड इन यूएसए'चा तो जुना विनोद आठवणारच. आम्हाला तो कधीच आवडला नाही. त्यात हसं विकणाऱ्याचं होतं, आणि गिऱ्हाईक अलगद सुटतं. त्याला तर ठाऊक असायचं ना, आपण काय घेतोय ते? दोरी आहे हे कळूनही सापाचे पैसे मोजणारा माणूस वेदान्तात बसत नाही. अल-बहजला तो बरोबर दिसलाय.

इथवर चित्रपट फार वरचा आहे. आमची तक्रार शेवटाबद्दल. सूत्र मिळावं म्हणून गुंड सलाहलाच जबरदस्तीनं व्यसन लावतात. याह्या अल-फखरानी ते उत्तम करतात, पोटात कालवतं. पण त्या क्षणी सलाह केवळ बळी ठरतो आणि सूत्र बनवणाऱ्याला विचारायचा प्रश्न राहूनच जातो.

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, शेतात उगवत नाही. त्याला रसायनशास्त्र शिकलेला माणूस लागतो. २०१५ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी पकडलेला साठा दौंडजवळ कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातला होता. आपल्या शेजारी अंबरनाथला, बदलापूरलाही रसायनांचे कारखाने आहेत. इथली कितीतरी मुलं बी. एस्सी. करून तिथं लागतात, सरळ मार्गानं घर चालवतात. सलाहही असाच सरळ होता.

म्हणून वाटतं, शेवटी त्याला सुई टोचायला नको होती. शुद्धीवर ठेवून त्याची कैफियत घ्यायला हवी होती.

बरं, तिकडे मागे कुणीतरी हात वर केलाय. बोला.