‘स्मृतिचित्रे’तील दुरावा आणि पुनर्मीलन

मराठीतील ऐतिहासिक कादंबरीची परंपरा ‘मोचनगड’पासून (१८७१) मोजली जाते. या परंपरेच्या अद्भुतरम्य शाखेत पतिपत्नींचा विरह हा कथानकाचा हुकमी आधार होय. तेथे विरहाचे कारण बहुधा बाहेरचे असते : लढाई, कैद, कपट किंवा गैरसमज. कारण नाहीसे झाले की विरह संपतो आणि पतिपत्नी पूर्वी होती तशीच एकमेकांस भेटतात. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र या साच्याशेजारी ठेवून वाचल्यास साच्याची मर्यादा स्पष्ट होते.

नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचा विवाह १८८० च्या सुमारास वडीलधाऱ्यांनी ठरवून केला. वधू त्या वेळी अवघी अकरा वर्षांची होती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि संसार दुभंगला. पुढील काही वर्षे लक्ष्मीबाई लहान मुलासह पंढरपूर आदी ठिकाणी आप्तांच्या आधाराने राहिल्या.

येथे गैरसमजाला जागाच नाही. पतीने काय केले व का केले, हे पत्नीस ठाऊक आहे. पत्नीला कशाने दुखावले, हे पतीसही ठाऊक आहे. परस्परांविषयीची ओढ आटलेली नाही. आड येतो तो सोवळ्याओवळ्याचा संस्कार. म्हणून रहस्यस्फोटाने हा दुरावा मिटण्यासारखा नव्हता. तो मिटण्यासाठी माणूसच बदलावे लागणार होते.

हा बदल पत्नीच्याच वाट्यास आला, तेव्हा ही अखेर शरणागतीच नव्हे काय, असा आक्षेप संभवतो. त्याचे उत्तर घटनांच्या क्रमात आहे. नगर येथे पतीच्या आश्रयास आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले अन्नपाणी वेगळे ठेवले. पुढे राहुरीच्या वास्तव्यात जातिभेद ईश्वरनिर्मित नसून मानवनिर्मित आहे, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. १९०० मधील दीक्षा ही त्यानंतरची पायरी होय. पतीचा धर्म त्यांनी पतीचा म्हणून घेतला नाही. वाटेतील अडसर आधी स्वतः दूर केला.

हे निवेदन बऱ्याच काळानंतरचे आहे, हे विसरता येत नाही. पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षे लोटली होती. मागे वळून पाहताना वाट प्रत्यक्षाहून सरळ दिसण्याचा संभव असतो. परंतु लेखिका आपला संताप, हट्ट व फजिती झाकीत नाही, तसेच टिळकांचा तापट, लहरी, हाती आलेला पैसा टिकू न देणारा स्वभावही झाकीत नाही. तिचा विनोद क्षमा करतो. पण विसरत नाही. पतीविषयीचा शेवटचा शब्द येथे पत्नीचा आहे.

खानदेशच्या वाङ्मयेतिहासाशीही या सावरलेल्या घराचा संबंध येतो. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ म्हणून गौरविले. पुढे ठोंबरे काही काळ नगरला टिळकांच्या घरी राहिले. त्यांचा स्वतःचा संसार मात्र सुखाचा झाला नाही, आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली त्यांचा अंत झाला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये या कवीच्या आठवणी आहेत. दुभंगलेला प्रत्येक संसार सांधला जातोच असे नाही, याची जाणीव त्या आठवणी वाचताना होते.

अद्भुतरम्य कादंबरीत पुनर्मीलन हे विरहाचे बक्षीस असते. ‘स्मृतिचित्रे’मध्ये ते विचाराचे फळ आहे, आणि त्यानंतरही दोन स्वभावांचा झगडा संपत नाही. भूतकाळातील दांपत्यजीवन रंगविणाऱ्या कादंबरीकाराने विरहाचे कारण कोठे ठेवले आहे, रणांगणावर की मनात, हा प्रश्न म्हणूनच अभ्यासकाने प्रथम विचारावा.