न जन्मलेल्या खेळाची समीक्षा

जी कृती अद्याप पुरी झालेली नाही, तिची समीक्षा करता येते काय? पुस्तक हाती आल्यावाचून, नाटकाचा पडदा वर गेल्यावाचून मत द्यावयाचे नाही, हा आपला जुना संकेत. व्हिडिओ गेमच्या जगात तो केव्हाच मोडला आहे.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये 'द विचर 4' या आगामी खेळाची चित्रफीत दाखविली. हा भूमिका वठविण्याचा खेळ. त्यात खेळणारा नुसता प्रेक्षक राहत नाही. नायकाचे निर्णय तोच घेतो आणि त्यांची फळेही तोच भोगतो. आधीच्या तीन खेळांत तो मुख्यतः गेराल्ट नावाचा राक्षसांचा शिकारी होत असे. नव्या खेळात ती जागा सिरी या तरुणीला मिळाली, आणि खेळ हाती येण्यापूर्वीच आक्षेपांची सरबत्ती सुरू झाली.

हे आक्षेप एका मापाचे नाहीत. 'नायकाच्या जागी स्त्री का?' हा पहिला. तो टिकत नाही. आंद्रेई सापकोव्स्की यांच्या मूळ कादंबऱ्यांत सिरी केंद्रस्थानीच आहे, आणि 2015 च्या तिसऱ्या खेळातही काही भाग तिच्याच भूमिकेतून खेळावा लागे. शिवाय मराठी रसिकाने तरी हा प्रश्न विचारू नये. बालगंधर्वांची सिंधू आणि भामिनी ज्यांनी डोक्यावर घेतली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांपैकी कोणी माहीमच्या खोलीत बसून घटकाभर सिरी झाला, तर त्यात काय बिघडले? भूमिका म्हणजेच परकायाप्रवेश.

'तिचा चेहरा पूर्वीसारखा नाही' हा दुसरा आक्षेप निव्वळ आवडीनिवडीचा. तिसरा मात्र मोलाचा आहे. या कथाविश्वात शिकारी घडविण्याची जीवघेणी परीक्षा लहान मुलग्यांवर होते आणि त्यांतले बहुतेक दगावतात. मग सिरी त्यातून पार कशी पडली? हा प्रश्न कथेच्या आंतरिक न्यायाचा आहे, आणि तो आजही विचारता येतो. निकाल मात्र आज देता येत नाही. उत्तर खेळातच मिळावयाचे.

आणखी एका गोष्टीची परीक्षा आधी होऊ शकते: वचनाची. याच संस्थेचा 'सायबरपंक 2077' हा खेळ 2012 मध्ये जाहीर झाला, 2020 मध्ये तीनदा पुढे ढकलला गेला आणि 10 डिसेंबर 2020 रोजी आला. जुन्या यंत्रांवर तो इतका सदोष चालला की सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि पैसे परत देऊ केले. पुढे 2023 पर्यंत त्याची बरीच डागडुजी झाली, हे खरे. पण जो निर्माता आगाऊ पैसे घेऊन स्वप्न विकतो, त्याने स्वप्नाची चिकित्सा झाली म्हणून रुसू नये.

उलट बाजूचे उदाहरण घरचेच आहे. जानेवारी 2025 मध्ये 'छावा' चित्रपटाची झलक येताच संभाजीमहाराज लेझीम खेळतात त्या दृश्यावर आक्षेप आले. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य वगळले आणि 14 फेब्रुवारीला चित्रपट त्याच्यावाचून आला. आक्षेप रास्त होता की नव्हता, हा येथे मुद्दा नाही. ते दृश्य कथेत कोणते काम करीत होते, हे पाहण्याची वाटच बंद झाली.

मला भय वाटते ते याचे. अपेक्षा बाळगणे हा रसिकाचा हक्क आहे; निर्मात्याला प्रश्न विचारणे हे त्याचे कर्तव्यही असेल. पण अपेक्षेलाच आज्ञा समजून कृती घडू लागली, तर रसिकाला त्याच्या मनात आधीच असलेले तेवढेच परत मिळेल. त्यासाठी इतकी वर्षे वाट कशाला पाहावयाची?