डॉक्टरांची पंगत

डॉक्टर लोक एकत्र जेवतात, यात टीका करण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. हिवरखेडच्या माणसाला हा प्रश्न पडू नये. पंगतीत कोण कुठे बसतो, वाढपी कोण, वेगळे कोणाला वाढतात, यावरून गाव कळते, हे वऱ्हाडात शिकवावे लागत नाही.

एडिंबरोला 1773 मध्ये अँड्र्यू डंकन या डॉक्टराने एस्क्युलापियन क्लब काढला. औषध देणारे फिजिशियन आणि चिरफाड करणारे सर्जन यात एकत्र जेवू लागले. तिकडेही हाताने काम करणारा हलका मानला जाई. लंडनचे सर्जन 1745 पर्यंत न्हाव्यांच्याच संघात होते! त्या जेवणाने धंद्यातली एक भिंत खिळखिळी केली खरी, पण दाराला कडी होतीच. आत निवडलेलेच.

ही विद्या इकडे आली. 1836 साली कलकत्त्याला मधुसूदन गुप्तांनी प्रेताचे विच्छेदन केले. मढ्याचा विटाळ सुटला, कारण त्यापलीकडे पगार आणि प्रतिष्ठा उभी होती. जिवंत माणसाच्या ताटाचा विटाळ सोडून कोणाच्या पदरात काय पडणार होते?

म्हणून सुखदेव थोरात समितीचा 2007 चा अहवाल वैद्यकाच्या इतिहासाचे एक प्रकरण म्हणून वाचावा. थोरात आपल्या अमरावती जिल्ह्यातले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी समितीला सांगितले ते हे: वसतिगृहात ठराविक मजल्यांवर ढकलले जाणे, जेवताना, खेळताना वाळीत पडणे. अहवालाची भाषा कोरडी, सरकारी आहे, आणि तेच तिचे बळ. भावनेचा अतिरेक म्हणून तिला झटकता येत नाही. पुढचा धागा वाचकानेच जोडायचा. मेसमध्ये ज्याच्या शेजारी कोणी बसले नाही, त्याच्याकडे दहा वर्षांनी रोगी पाठवील कोण? त्याच्यासाठी शब्द टाकील कोण? ‘गुणवत्ता’ नावाची वस्तू अशाही ताटांवर वाढली जाते.

नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी 1936 मध्ये, लाहोरच्या न झालेल्या भाषणात बजावले होते. तेव्हा वर्षातून एकदा सर्वांना पुरणपोळी वाढून काही साधणार नाही. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांनी (हे डॉक्टर वैद्यकाचे नव्हेत) श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींची मुले एका छपराखाली ठेवली होती. आज वैद्यकीय महाविद्यालयांत खोल्यांचे वाटप कोण करतो आणि कोणत्या यादीवरून, हे आपल्या विद्यार्थी संघटनांनी प्रवेशाच्या दिवसांतच लेखी विचारावे.