निराधार वृद्धेची बाग

अभिव्यक्तिवाद म्हटला की आपल्या अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे प्रथम मुंकची ‘किंकाळी’ उभी राहते. आक्रोश हेच या संप्रदायाचे लक्षण मानल्यामुळे त्यातील शांत चित्रे उगाच आगंतुक ठरतात. ब्रेमेनच्या संग्रहालयातील, पाउला मोडरसोन-बेकर हिने १९०७ च्या सुमारास रंगविलेले बागेतील वृद्धेचे चित्र या समजुतीला बाध आणते. पाउला ही या संप्रदायाची पूर्वसूरी. त्याच वर्षी, प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती निवर्तली.

चित्रातील म्हातारी वोर्प्सवेडे गावच्या निराधारगृहातील आहे. ती समोरासमोर, एखाद्या शिळेसारखी बसली आहे. भोवती पॉपीची तांबडी फुले, बाजूस काठीवर बसविलेला काचेचा गोल, हातांत फॉक्सग्लव्हचा दांडा. (हृदयविकारावरील औषध याच वनस्पतीच्या कुळातून मिळते, आणि तिचे विषही प्रसिद्ध आहे.) काचेच्या गोलात गूढार्थ शोधणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. तिकडील बागांतून असे गोल शोभेसाठी ठेवीत. चित्रकर्तीने तो होता म्हणून घेतला, एवढेच.

महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. बागेतील स्त्री म्हटली की झोपाळा, पुस्तक, फुलांची परडी अशी फुरसतीची चिन्हे आपण अपेक्षितो. येथील शांतता मात्र फुरसतीची नव्हे. जिचे काम संपले आणि घरही उरले नाही, तिची आहे. कवठे महांकाळच्या अवर्षणप्रवण मुलखात वाढलेल्या वाचकास हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. तेथे परसातली कर्दळ आणि अळू मोरीच्या सांडपाण्यावर जगतात, आणि शेजारी ओट्यावर बसलेली म्हातारी निसर्गचिंतन करीत नसते. उन्हे उतरण्याची वाट पाहत असते.

पाउलाने या वृद्धेची कणव केलेली नाही, हे तिचे मोठेपण. करुणा जागवावयाची तर आकृती लहान, वाकलेली काढणे सोपे होते. तिने ती बागेहून मोठी केली. रंगाचे खरबरीत थर आणि सुलभीकृत आकार यांमुळे चेहऱ्यावरील व्यक्तिगत दुःख मागे सरते आणि केवळ देहाचे वजन जाणवत राहते. किंकाळीत रेषा थरारते. येथे ती बैठक मारते. भावनेसाठी दृश्यरूप बदलण्याचे तत्त्व दोन्हीकडे एकच.

इतक्या फुलांमध्ये बसूनही वृद्धेची नजर एकाही फुलाकडे नाही.