एका ग्रंथाच्या निमित्ताने : वळिवडे आणि झरी

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, हे आपल्यापैकी किती वाचकांना ठाऊक असेल? त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. अनुराधा भट्टाचार्जी यांचा ‘द सेकंड होमलँड’ (२०१२) हा इंग्रजी ग्रंथ भारताने आश्रय दिलेल्या या लोकांचा इतिहास सांगतो. तलासरीच्या परिसरात धर्मसेवा करणाऱ्या मला तो वाचून सहज मिटता आला नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड व्यापला. फेब्रुवारी १९४० पासून असंख्य कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान येथे हद्दपार करण्यात आले. १९४१ च्या करारानंतर सुटकेची वाट उघडली आणि १९४२ मध्ये हजारो लोक इराणमार्गे बाहेर पडले. कित्येक मुलांचे आईबाप वाटेतच दगावले होते.

लेखिकेचा भर दप्तरातील कागदपत्रांवर आणि निर्वासितांच्या आठवणींवर आहे. आश्रय कोणी दिला, खर्चाचा भार कोणी उचलला, याचा उलगडा हे ग्रंथाचे बलस्थान होय. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची श्रद्धा हा मात्र इतिहासकाराचा मुख्य प्रश्न नव्हे. तो वाचकाने स्वतःला विचारावयाचा आहे. जेथे मुलांना धर्मशिक्षण देणे निषिद्ध होते, तेथे आईने पाठ करून घेतलेल्या प्रार्थनेखेरीज त्या मुलाजवळ दुसरे काय उरले असेल? ती प्रार्थना झडतीत सापडत नाही आणि जप्तही होत नाही.

हा ग्रंथ साम्यवादावरील आरोपपत्र म्हणून वाचण्याचा मोह होतो. डहाणू-तलासरीत तसे वाचून भागत नाही. वळिवडेची वसाहत गजबजलेली असतानाच, २३ मे १९४५ रोजी, झरी येथे हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाने तो लढा मराठी साहित्यात आणला. आमच्या धर्मग्रामातील एका युवकाने मला विचारले, “फादर, ज्या बावट्याने माझ्या आजोबांची वेठ सोडवली, त्याच बावट्याने त्या पोरांची घरं कशी काय नेली?”

मला तत्काळ उत्तर देता आले नाही. आज वाटते की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. झरीत तो बावटा नाडलेल्यांच्या हाती होता. सोव्हिएत देशात तो सत्ताधाऱ्यांच्या हाती होता आणि आपल्यावर कोणी आहे हे त्या सत्तेला मान्य नव्हते. पोलिश मुलाची प्रार्थना नेमकी हीच साक्ष देते की माणूस अखेर कोणत्याही सत्तेच्या मालकीचा नाही. ही साक्ष सावकाराला व जमीनदारालाही लागू पडते. वेठीविरुद्ध आपला आवाज तेव्हा कितपत उठला, हा प्रश्नही मग आपल्याला चुकत नाही.

युद्धानंतर पोलंडमध्ये साम्यवादी राजवट आली आणि वळिवडेतील अनेक जण मायदेशी न परतता ब्रिटनसारख्या देशांत विखुरले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे. धर्मग्रामाच्या ग्रंथालयात मी हा ग्रंथ गोदावरीबाईंच्या पुस्तकाशेजारीच ठेवला आहे. युवकांनी दोन्ही वाचावीत, ही विनंती.