निवड, क्रम आणि अनुमती : ‘जेजुरी’च्या निमित्ताने

कवितापुस्तिकेची सिद्धता ही सामान्यतः मुद्रणपूर्व तांत्रिक बाब मानली जाते. नागपूरच्या इतवारीतील एखाद्या कवीची चाळीस पानी पुस्तिका असो अथवा मुंबईतील नामवंत प्रकाशनाचा संग्रह असो, नियतकालिकांत विखुरलेल्या कवितांची निवड करणे, त्यांचा क्रम लावणे आणि पुनर्मुद्रणाच्या अनुमतीचा निर्णय करणे ही कामे टळत नाहीत. यांपैकी निवड व क्रम ही कवीने स्वतःच्या कवितेची केलेली समीक्षाच होय. अनुमतीचा प्रश्नही तिच्याशी निगडित आहे, हे अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’वरून स्पष्ट होते.

ही इंग्रजी कवितामालिका १९७४ मध्ये ‘ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली’त प्रसिद्ध झाली आणि १९७६ मध्ये ‘क्लिअरिंग हाऊस’तर्फे ग्रंथरूपाने आली. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल व स्वतः कोलटकर यांनी चालविलेली ही सहकारी प्रकाशनसंस्था होती. साहजिकच ग्रंथाच्या सिद्धतेचे निर्णय कवींच्याच हाती राहिले. १९७७ मध्ये या ग्रंथास राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला.

‘जेजुरी’चा आरंभ बसप्रवासाने होतो आणि शेवट रेल्वे स्थानकावर. श्रद्धा व संशय यांतील ताण कोणत्याही एका कवितेत सामावत नाही. तो क्रमातून साकारतो. पुढे मात्र ‘ॲन ओल्ड वुमन’ ही कविता अनेक संकलनांत सुटी छापली गेली. त्यातील वृद्धा पन्नास पैशांच्या मोबदल्यात घोड्याच्या टापेच्या देवस्थानाकडे नेण्याची तयारी दर्शविते. प्रवाशाने ते आधीच पाहिलेले असते. मालिकेत या देवस्थानावरील कविता अगोदर येत असल्याने वाचकानेही ते पाहिलेले असते. त्यामुळे तिला झिडकारण्यात तोही सहभागी होतो आणि शेवटी येणारे खुजेपण त्याच्याही वाट्याला येते. सुट्या कवितेत हा सहभाग उरत नाही. तेथे वाचक प्रेक्षक बनतो आणि कविता करुणेचा पाठ ठरते.

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार अधिकाराचे हस्तांतरण लेखी असावे लागते. नियतकालिकात कविता छापून आल्याने तिचा प्रताधिकार आपोआप संपादकाकडे जात नाही. कोलटकर २००४ मध्ये निवर्तले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितांचा प्रताधिकार २०६४ अखेरपर्यंत राहील. कलम ५७ विकृतीकरणाविरुद्ध संरक्षण देते. परंतु कवीच्या प्रतिष्ठेस बाध आल्यासच. मालिकेतून कविता वेगळी काढणे सहसा या कक्षेत येणार नाही.

कायदा जेथे थांबतो तेथे संपादकाची जबाबदारी सुरू होते. अनुमती शुल्कापुरती पाहिली तर कवितेचे स्थान हरवते. पाठ्यपुस्तकांच्या संपादनात प्राध्यापकांचा सहभाग असतो. त्यांनी श्रेयनिर्देशात प्रथम प्रसिद्धी, स्वीकारलेला पाठ आणि कवितेचे मूळ क्रमातील स्थान या तिन्हींची नोंद करणे अगत्याचे आहे. अशा दोन ओळींच्या नोंदीने विद्यार्थी मूळ मालिकेकडे वळू शकेल. अन्यथा कवीने केलेली समीक्षा त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही.