पोस्टर उतरवताना आलेला प्रश्न

यंदाच्या सिम्पोझियमचं पत्रक नोटीस बोर्डवर लागलं आणि एमएस्सीच्या दोघा-तिघांनी लगेच विचारलं, ‘ताई, आम्ही ॲबस्ट्रॅक्ट पाठवायचा का?’ पाठवा. पण आमच्या विभागात हा कार्यक्रम कसा चालतो ते आधी ऐका. मागच्या वर्षी मला त्यात पोस्टरचं दुसरं बक्षीस मिळालं, आणि ज्या दाव्यासाठी मिळालं तो दावाच चुकीचा होता.

दिवस कसा जातो ते सांगते. दहाला रजिस्ट्रेशन, साडेदहाला उद्घाटन. पाहुण्यांना यायला उशीर होतो. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय (बायोडेटा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून), ॲबस्ट्रॅक्टच्या पुस्तिकेचं प्रकाशन आणि त्याचे फोटो. बीजभाषण सुरू होईपर्यंत बारा वाजलेले असतात. हा गेलेला वेळ भरून कुठून काढायचा? विद्यार्थ्यांच्या भाषणांतून. पत्रकावर दहा मिनिटं भाषण आणि दोन मिनिटं प्रश्न असं छापलेलं असतं. हातात सात मिनिटं पडतात आणि ‘प्रश्न चहाच्या वेळी विचारा’ अशी सूचना. पोस्टर्स जेवणाच्या सुट्टीत, व्हरांड्यात. एका हातात ताट घेऊन कोण काय वाचणार?

आता माझं पोस्टर. सांडपाण्यातले रंग प्रकाशाच्या मदतीने तोडणारा कॅटॅलिस्ट, हा माझा विषय. यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड सगळेच वापरतात, पण त्याच्या ॲनाटेज रूपाचा बँड गॅप साधारण 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. म्हणजे त्याला 387 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, अतिनील प्रकाश लागतो, आणि सूर्यप्रकाशात तो फार थोडा असतो. म्हणून त्यात नायट्रोजन घालून तो दृश्य प्रकाशातही चालतो का, हे मी बघत होते. मेथिलीन ब्लूचं द्रावण घेतलं, अर्धा तास अंधारात ढवळलं (रंग नुसता पृष्ठभागाला चिकटून कमी होतो, तो हिशेबात येऊ नये म्हणून), मग 420 नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश फिल्टरने अडवून दिवा लावला. निळा रंग सुंदर फिका होत गेला. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘दृश्य प्रकाशात कार्यक्षम’. फ्लेक्सवाल्याने विद्यापीठाचा लोगो ताणून लांबट केला होता, माझी सगळी काळजी तीच.

परीक्षक दोघे होते. प्रत्येक पोस्टरला दोन मिनिटं. त्यांच्या कागदावर रकाने होते: मांडणी, सादरीकरण, नावीन्य, सामाजिक उपयोग. कंट्रोल काय ठेवला होता, हे विचारायला रकानाच नव्हता. मी सांडपाणी, नद्या, कापड उद्योग हे सगळं घडाघडा बोलले. बक्षीस मिळालं.

पाच वाजता मी टेप सोलून पोस्टर उतरवत होते. एमएस्सी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी चहाचा कप घेऊन आली आणि म्हणाली, ‘मॅम, मेथिलीन ब्लू निळा दिसतो म्हणजे तो स्वतःच लाल प्रकाश शोषतो ना? मग इथे प्रकाश तुमचा कॅटॅलिस्ट घेतोय की रंग घेतोय?’

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, आणि ते बरंच आहे.

तिचं म्हणणं बरोबर होतं. मेथिलीन ब्लू 664 नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त शोषण करतो. उत्तेजित झालेल्या रंगाच्या रेणूतून इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये जातो आणि रेणू स्वतःच तुटू लागतो. याला नायट्रोजन लागतच नाही. साधा टायटॅनियम डायऑक्साइड मी फक्त अतिनील दिव्याखाली तपासला होता, दृश्य प्रकाशात नाही. मग तो तपासला. रंग जवळजवळ तितकाच उतरला. नंतर फिनॉल घेतलं, जे रंगहीन आहे आणि दृश्य प्रकाश स्वतः शोषत नाही. माझ्या बक्षीसपात्र कॅटॅलिस्टने त्याला फारसं काहीच केलं नाही. गाईड सर एवढंच म्हणाले, ‘पेपर पाठवायच्या आधी कळलं, नशीब समज.’

तुम्ही म्हणाल, एका चुकीवरून सगळ्या कार्यक्रमाला कशाला नावं ठेवायची? कारण ती चूक पकडणं हेच या कार्यक्रमाचं काम आहे. सिम्पोझियममध्ये काम अर्धवट असताना दाखवायचं असतं, म्हणजे ते दुरुस्त करता येतं. गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सेसमध्ये भाषणं सकाळी आणि संध्याकाळी असतात आणि दुपार गप्पांसाठी मोकळी. अप्रकाशित काम लोकांनी बिनधास्त मांडावं म्हणून तिथे स्लाइड आणि पोस्टरचे फोटो काढायलाही बंदी आहे. आमच्याकडे फोटोसाठी पोस्टरसमोर रांग लागते, वाचायला नाही.

यात सर्टिफिकेटचाही वाटा आहे. यूजीसीच्या 2016 च्या नियमांत थीसिस देण्याआधी परिषदांमध्ये दोन सादरीकरणं आणि एक प्रकाशित पेपर सक्तीचा होता. 2022 च्या नियमांनी ती देशपातळीवरची सक्ती काढली, सवय मात्र गेली नाही. अजूनही निम्मी गर्दी ‘सर्टिफिकेट कधी मिळणार?’ एवढंच विचारायला असते. मीही विचारलंय, खोटं कशाला बोलू.

विभागाला माझं म्हणणं कळवलंय: उद्घाटन वीस मिनिटांत आटपा, पोस्टर्सना जेवणाव्यतिरिक्त दीड तास द्या, परीक्षकांच्या कागदावर ‘कंट्रोल’ हा रकाना घाला. पहिल्या मागणीवर ‘बघू’ म्हणाले. तिसरी मान्य झाली, बहुतेक ती फुकट होती म्हणून.

तुम्ही पोस्टर लावणार असाल तर परीक्षक गेल्यावर लगेच उतरवू नका. आणि नुसते बघायला येणार असाल तर एकच पोस्टर निवडा, त्याचा ॲबस्ट्रॅक्ट आदल्या रात्री वाचा आणि ‘हाच परिणाम दुसऱ्या कुठल्या कारणाने दिसू शकेल?’ हे विचारा. समोरची सिनिअर आहे म्हणून गप्प बसू नका. ती मुलगी बसली असती तर तो दावा आज माझ्या नावावर छापलेला असता.

माझा यंदाचा ॲबस्ट्रॅक्ट गेलाय. पोस्टरच्या मधोमध फिनॉलचा आलेख आहे, जवळजवळ आडवी रेघ. त्या मुलीचं नाव आभारात घालायचं होतं. तिने नको म्हटलं, तिला पोस्टर आधी वाचून बघायचंय.